काहीतरी केलेच असेल!

२०२२ सालचा मे महिना सरत आला होता. नांदेडच्या उन्हाने जीव नकोसा केला होता. २९ तारखेच्या रविवारी संध्याकाळी अंगणात पाणी मारून आम्ही शेजारीपाजारी खुर्च्या टाकून बसलो होतो. तेवढ्यात घरातल्या टीव्हीवरून बातमी बाहेर आली. पंजाबच्या मानसा जिल्ह्यात सिद्धू मूसेवाला या गायकाला भररस्त्यात गोळ्या घालून मारण्यात आले होते. वय अवघे २८. तेरा दिवसांनी त्याला एकोणतीस वर्षे पूर्ण व्हायची होती.

आमच्या शेजारचे सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकले. ‘‘कोण हा?’’ त्यांनी नातवाला विचारले. ‘‘आजोबा, लई मोठा सिंगर आहे. बंदुकीची गाणी म्हणायचा.’’ सरांनी हातातल्या वर्तमानपत्राने वारा घेत क्षणात निकाल देऊन टाकला, ‘‘मग काय! पेरले तेच उगवले.’’

तासाभराने लातूरहून भाच्याचा फोन आला. तो तिथे खोली घेऊन ‘नीट’ची तयारी करत होता. परीक्षा दीड महिन्यावर आलेली. एरवी फोनवर ‘हो’ आणि ‘नाही’ याखेरीज न बोलणारा मुलगा, पण त्या दिवशी त्याचा आवाज जड होता. ‘‘मामा, बातमी पाहिली का? आमच्या मेसमधले चौघे न जेवता उठले.’’ मी विचारले, ‘‘अरे, तुला पंजाबी कळते तरी का?’’ तो म्हणाला, ‘‘अर्थ कशाला कळायला पाहिजे? तो कुणाला भीत नव्हता, एवढं कळतं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर एका शीख मित्राच्या दुकानात गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान. त्यांच्या कित्येक पिढ्या नांदेडात गेल्या. मराठी आपल्यासारखीच, किंबहुना आपल्यापेक्षा अंमळ गोड. ते म्हणाले, ‘‘भाऊ, त्याची गाणी मला कधीच पटली नाहीत. पोरांना बंद करायला लावायचो. पण काल रात्रभर झोप नाही. आईबापाचं एकुलतं एक लेकरू होतं हो ते.’’

पंधरा-सोळा तासांत, एकाच माणसाच्या मरणावर ऐकलेल्या या तीन प्रतिक्रिया. निकाल, भक्ती आणि हळहळ. त्यानंतर या माणसाविषयी बरेच वाचले, ऐकले. पण मन पुन्हा पुन्हा त्या तीन वाक्यांपाशी येते. कारण त्यांत मूसेवालापेक्षा आपणच अधिक दिसतो.

ज्यांना हे नाव परके आहे त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. शुभदीपसिंग सिद्धू हे त्याचे खरे नाव. मूसा हे गाव, म्हणून मूसेवाला. जन्म ११ जून १९९३ चा. लुधियानात अभियांत्रिकी शिकला, मग पुढच्या शिक्षणासाठी कॅनडाला गेला. २०१७ च्या सुमारास त्याची गाणी गाजू लागली. पंजाबी लोकगीताची ठसकेबाज चाल आणि अमेरिकी कृष्णवर्णीय तरुणांच्या रॅपचा ठेका यांचे ते मिश्रण होते. त्यात गाव होते, ट्रॅक्टर होता, जातीचा अभिमान होता, वैर होते आणि बंदूक तर होतीच होती. मंचावर तो मांडीवर थाप मारून हात उंचावायचा. पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांच्या लातूर जिल्ह्यात शड्डू ठोकण्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गाणे न कळणाऱ्या आमच्या भाच्याला तेवढा शड्डू नेमका कळला होता.

वाद त्याच्या पाचवीलाच पुजलेले. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात बंदूक चालवतानाची त्याची चित्रफीत बाहेर आली आणि गुन्हा दाखल झाला. त्यावर त्याने आणखी एक गाणे केले आणि आणखी एक गुन्हा ओढवून घेतला. डिसेंबर २०२१ मध्ये तो काँग्रेसमध्ये गेला, मानसातून विधानसभा लढला आणि ६३ हजारांहून अधिक मतांनी पडला. पुढे पंजाब सरकारने ४२४ जणांची पोलीस सुरक्षा कमी केली. त्यांत त्याचेही नाव होते. दुसऱ्याच दिवशी तो अंगरक्षक न घेता निघाला आणि जवाहरके गावाजवळ त्याला गाठण्यात आले. परदेशात बसलेल्या एका टोळीवाल्याने या खुनाची जबाबदारी घेतली. तपासात आपल्या पुणे जिल्ह्यातल्या काही तरुणांचीही नावे पुढे आली आणि जूनमध्ये पोलिसांनी त्यांना पकडले. म्हणजे ‘पंजाबातले प्रकरण’ म्हणून हात झटकण्याची सोयही आपल्याला उरली नाही.

नांदेडला तर ती मुळातच नव्हती. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली गोदाकाठी देह ठेवला, तेव्हापासून हे शहर आणि पंजाब यांचे नाते रक्ताच्या नात्यासारखे आहे. मूसेवालाविषयी इथल्या शीख घरांत एक जुनी खंतही होती. दशम गुरूंच्या बाजूने मुक्तसरच्या लढाईत उतरलेल्या आणि पुढे गुरूंबरोबर नांदेडपर्यंत आलेल्या माई भागो यांचा बुंगा गुरुद्वाऱ्याच्या आवारात आहे. त्या माउलीचे नाव २०१९ मध्ये मूसेवालाने एका गाण्यात उथळपणे वापरले आणि शीख समाजात संताप उसळला. त्याला माफी मागावी लागली. तेव्हा माझ्या दुकानदार मित्राची नापसंती वरवरची नव्हती. ज्याच्यावर रागावण्याचे खरे कारण होते, त्याच माणसाने रात्र जागून काढली. आणि ज्यांनी त्याचे नाव पाच मिनिटांपूर्वी ऐकले होते, ते निकाल देऊन मोकळे झाले!

पण सरांना दोष देऊन मला सुटता येणार नाही. त्याचे कारण आणखी ५४ दिवस मागे आहे.

५ एप्रिल २०२२ रोजी नांदेडात एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घराच्या दारात, भरदिवसा, दुचाकीवरून आलेल्या दोघांनी गोळ्या घालून ठार केले. ते दृश्य कॅमेऱ्याने टिपले आणि ते घरोघरच्या मोबाइलवर फिरले. शहर हादरले, लोक रस्त्यावर आले. पुढे तपासात खंडणीचे धागे निघाले आणि ते थेट उत्तरेपर्यंत गेले. मात्र त्या पहिल्या दोन-चार दिवसांत, तपास सुरू होतो न होतो तोच, चहाच्या टपरीवर एक वाक्य माझ्या कानांवर आले होते. ‘‘उगीच कोण कुणाला मारतं? काहीतरी असेलच.’’ आणि मी मान डोलावली होती. त्या माणसाविषयी मला काडीचीही माहिती नव्हती. तरी डोलावली.

का डोलावली असेल? मी अनेकदा स्वतःला विचारले आहे. मनात दुष्टावा नव्हता. भीती होती. एखादा माणूस काही कारण नसताना स्वतःच्या दारात मारला जाऊ शकतो, ही गोष्ट मान्य केली तर मग आपलेही दार सुरक्षित उरत नाही. त्यापेक्षा ‘त्याने काहीतरी केले असेल’ असे म्हटले की बरे वाटते. आपण काही केलेले नाही, म्हणून आपल्याला काही होणार नाही. म्हणजे ज्याला आपण न्यायबुद्धी म्हणतो, ती पुष्कळदा घाबरलेल्या माणसाने स्वतःची घातलेली समजूत असते. पण त्या समजुतीची किंमत मेलेल्या माणसाच्या घराला मोजावी लागते. कर्ता माणूस गेला तो गेलाच. वर त्याच्या माघारी घरच्यांनी त्याच्या चारित्र्याचे दाखले देत फिरायचे.

हे वाक्य खुन्यांच्याही फार कामाचे असते. पंजाबने ते पूर्वी पाहिले आहे. ८ मार्च १९८८ रोजी मेहसमपूर गावात अमरसिंग चमकिला हा गायक आणि त्याची गायिका पत्नी अमरज्योत कार्यक्रमासाठी गाडीतून उतरत असताना मारले गेले. २०२४ मध्ये आलेल्या चित्रपटामुळे ही कथा आपल्याकडेही घरोघरी पोचली. चमकिलाची गाणी द्व्यर्थी म्हणून बदनाम होती. ती ऐकायला लोटणारी गर्दीही तितकीच मोठी होती. त्या दोघांच्या खुनासाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. अशी गाणी म्हटल्यावर असेच व्हायचे, असे गावाने एकदा ठरवले की मारेकरी शोधण्याची निकड कुणाला उरणार?

आणि मराठवाड्यानेही ते पाहिले. लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात, मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हाल हाल करून त्यांना मारण्यात आले. ते खंडणीच्या आड आले म्हणून हे घडले, असे आरोपपत्र सांगते. मार्च २०२५ मध्ये त्या क्रौर्याची छायाचित्रे समोर आली तेव्हा महाराष्ट्र सुन्न झाला. त्या हत्येनंतरच बीडमधले बंदुकीचे परवाने बाराशेच्या वर असल्याचे लोकांना कळले, आणि कमरेला पिस्तूल लावून, हवेत बार काढून मिरवणाऱ्यांच्या चित्रफितीही बाहेर आल्या. वर्षानुवर्षे त्या सगळ्यांसमोरच तर फिरत होत्या. आपण त्यांना करमणूक समजत होतो.

इथे सरांच्या बाजूने उभे राहणे भाग आहे. कारण त्यांचे बोलणे क्रूर असले, तरी त्यामागची काळजी खोटी नाही. शाळेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला पोरे कशाने बिघडतात याचा अंदाज असतो. आज नांदेड-लातूरच्या कुठल्याही गल्लीत वाढदिवसाला तलवारीने केक कापण्याची हौस दिसते. कोपऱ्यावर फलक लागतात. मिसरूड न फुटलेल्या मुलांच्या नावामागे ‘भाई’ आणि ‘दादा’ लागलेले असते. मग त्या केकची चित्रफीत पोलिसांपर्यंत जाते, शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि ज्या बापाने कर्ज काढून पोराला लातूरला पाठवले, तो पोलीस ठाण्याच्या पायरीवर टोपी हातात घेऊन बसतो. हे सगळे गाण्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण त्या चित्रफितीच्या मागे गाणे असते, हेही कुणी नाकारू नये.

मूसेवालाच्या चाहत्यांना हे आवडत नाही. त्यांच्या लेखी तो हुतात्मा झाला. त्याचा शड्डू ठोकतानाचा फोटो आमच्याकडे रिक्षांच्या पाठीवर आला, दुचाकीच्या नंबरप्लेटवर आला. भाच्याच्या मित्राने तर तो दंडावर गोंदवून घेतला. हुतात्मा केला की त्याच्या गाण्याविषयी प्रश्न विचारायची सोय राहत नाही. तो बंदुकीच्या बाजूने गात होता, आणि बंदुकीनेच त्याला नेले. मग त्याच्या फोटोखाली पुन्हा बंदूकच का काढायची, हा साधा प्रश्न त्या मुलांना पडत नाही. अमेरिकेतला टुपाक शकूर हा मूसेवालाचा आदर्श. तोही १९९६ च्या सप्टेंबरात, पंचविसाव्या वर्षी, लास वेगासमध्ये मोटारीत बसलेला असताना गोळ्या लागून गेला. त्याच्या मरणाची मोहिनी या पोरावर पडली. आता या पोराच्या मरणाची मोहिनी आमच्या पोरांवर पडते आहे.

आपल्याकडचेच उदाहरण पाहा. २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट आला. जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीत कसा ओढला जातो आणि त्याचे पुढे काय होते, हे सांगणारा तो चित्रपट. सांगणाऱ्याचा हेतू इशारा देण्याचा होता. पण पोरांनी मधली गुर्मी तेवढी उचलली आणि शेवट चित्रपटगृहातच ठेवून आली. आमच्याकडे ‘पॅटर्न’ म्हटले की लातूरची आठवण व्हायची. पहाटे चारला उठणारी मुले, रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या अभ्यासिका. त्याच मुलांच्या कानांत आता दुसराही पॅटर्न वाजतो आहे.

मग शस्त्राचे गाणेच वाईट का? तसे म्हणायला मी धजणार नाही. पोवाडा ऐकत वाढलेल्या माणसाने ते म्हणू नये. खंडेनवमीला आपण घरातली विळी-कोयती पुसून त्यांना हळदकुंकू लावतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात दशम गुरूंची शस्त्रे जपून ठेवलेली आहेत आणि भाविक त्यांच्या दर्शनाला दुरून येतात. होळीच्या सुमारास हल्लाबोल निघतो, तेव्हा उगारलेल्या तलवारी पाहायला सगळे शहर लोटते. त्यांची भीती कुणाला वाटत नाही. माझ्या दुकानदार मित्राला मी एकदा यातला फरक विचारला. क्षणभर थांबून ते म्हणाले, ‘‘भाऊ, ह्या तलवारीबरोबर पाळायचे नेम येतात. कधी उचलायची नाही, हे आधी शिकवतात. गाण्यातल्या पिस्तुलाला नेम कुठंय?’’ मला यापेक्षा नेमके उत्तर अजून मिळालेले नाही. पोवाड्यातला वीर कशासाठी तरी लढत असतो. या नव्या गाण्यातला वीर फक्त कुणाला भीत नसतो.

पंजाब सरकारने १३ नोव्हेंबर २०२२ रोजी शस्त्रांचा जाहीर देखावा आणि शस्त्रांचे उदात्तीकरण करणारी गाणी यांवर बंदी घातली. हेतूला नावे ठेवता येणार नाहीत. पण गाणे आता कॅसेटमध्ये राहत नाही. ते हवेतून खिशात येते. सरकारच्या बंदीने ते लपून ऐकले जाईल, एवढेच. खंडणी मागणारा माणूस तर गाणी ऐकून बंदूक विकत घेत नाही. त्याला बंदूक मिळते, पैसा मिळतो, वर हात ठेवणारा कुणीतरी मिळतो. गायकाला तुरुंगात टाकणे सोपे आणि त्या वरच्या हाताला हात लावणे अवघड, म्हणून आपला सगळा राग गाण्यावर निघू नये.

आणि तो गाणाऱ्याच्या प्रेतावर तर मुळीच निघू नये. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. त्याच्या गाण्यांशी असलेले भांडण त्याच्या मरणाने मिटले, असे समजायचे कारण नाही. ते चालू राहावे. मुलांशी तर जरूर चालू राहावे. पण त्याचे मरण हा त्या भांडणातला आपल्या बाजूचा पुरावा नव्हे. त्याने गुन्हा केला असेल तर त्यासाठी न्यायालय होते, खटले चालू होते. दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यांनी जे केले, त्याला आपण ‘उगवले’ म्हटले, तर त्यांच्या हातून नियतीने न्याय केला असा त्याचा अर्थ होतो. नांदेडच्या माणसाने तरी हे म्हणू नये. आज एका गायकाच्या बाबतीत जे म्हटले, तेच उद्या दारात मारल्या गेलेल्या शेजाऱ्याच्या बाबतीत तोंडात येते. माझ्या तर ते आधीच आले होते.

भाच्याचे आणि माझे त्या वर्षी दसऱ्याला बोलणे झाले. तो सुट्टीवर आला होता. आपट्याची पाने देऊन झाल्यावर मी त्याला उपदेश करायचा नाही असे ठरवून बसलो, आणि मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. ३१ मेची, मूसा गावातल्या अंत्ययात्रेची. ज्या ट्रॅक्टरवर त्याचा जीव होता, त्याच ट्रॅक्टरवरून त्याला नेत होते. रस्ता दिसत नव्हता इतकी माणसे. आणि मुलाच्या कलेवरापाशी उभ्या असलेल्या बापाने आलेल्या लोकांचे आभार मानण्यासाठी डोक्यावरची पगडी उतरवून हातात घेतली होती.

शिखाने चारचौघांत पगडी उतरवणे म्हणजे काय, हे नांदेडच्या पोराला सांगावे लागत नाही. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मामा, हे आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. सगळे शड्डूचाच फोटो पाठवत होते.’’

शेजारच्या सरांनाही मी ती चित्रफीत दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती शेवटपर्यंत पाहिली. पेरण्या-उगवण्याचे काही बोलले नाहीत. मोबाइल परत देताना एवढेच विचारले, ‘‘आई कुठे दिसली नाही ती?’’ मी म्हणालो, असेल तिथेच कुठेतरी.